हाँगकाँग कांचन फुलत नाही? खताची गोणी उघडण्याआधी हे तपासा

सोसायट्यांच्या बागा, फार्महाऊस आणि अधूनमधून एखादं सार्वजनिक उद्यान ही माझी रोजची कामं. त्यात या एका झाडाबद्दल जेवढ्या तक्रारी येतात, तेवढ्या गुलमोहर, बहावा आणि ताम्हण यांच्या मिळूनही येत नाहीत. तक्रारीचा सूर ठरलेला असतो: "झाड जोरात आहे हो, पण फूल नाही." आणि मला फोन येईपर्यंत कुणीतरी बुंध्याशी डीएपी खत ओतून मोकळं झालेलं असतं.

खाली तपासण्यांचा क्रम फुकटापासून खर्चिकाकडे असा लावला आहे. बहुतेक झाडांचं कोडं पहिल्या चार तपासण्यांतच सुटतं, तेव्हा उडी मारून थेट मातीवर जाऊ नका.

लक्षणं

- झाड हिरवंगार, दोन मजल्यांएवढं झालंय, पण हिवाळा सरला तरी एक कळी नाही.
- फुलं येतात, पण फिकट गुलाबी किंवा पांढरट. नर्सरीच्या फोटोतला तो गडद किरमिजी-जांभळा रंग कुठेच नाही. मागून चपट्या शेंगा लटकतात.
- एकाच झाडावर दोन प्रकारची फुलं. एक बाजू गडद, दुसरी वेगळीच.
- वरच्या फांद्या फुललेल्या, खालच्या घेराला मात्र नुसती पानं.
- पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, किंवा पानांच्या कडा जळाल्यासारख्या.
- फांद्या टोकाकडून वाळतात, खोडावर भुशाचे पट्टे दिसतात.

आपलं झाड यातल्या कुठल्या ओळीत बसतं ते आधी ठरवा. दोन ओळी एकदम लागू होत असतील तर यादीत आधी आलेलीपासून सुरुवात करा.

झाडाची कुंडली, थोडक्यात

एवढं माहीत नसेल तर पुढचं निदान पटणार नाही. हे झाड म्हणजे देवकांचन आणि रक्तकांचन यांचा संकर. दोन्ही आई-बाप आपल्या ओळखीचे, भारतातलेच. पण हा संकर सापडला हाँगकाँगमध्ये. १८८०च्या सुमारास पोकफुलाम भागात समुद्राकाठी, एका पडक्या घराजवळ फ्रेंच मिशनऱ्यांना हे झाड दिसलं आणि त्यांनी त्याच्या फांद्या नेऊन आपल्या आवारात लावल्या. १९०८मध्ये स्टीफन डन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८९८ ते १९०३ या काळात तिथे गव्हर्नर असलेल्या हेन्री ब्लेक यांच्यावरून त्याला 'बोहिनिया ब्लेकियाना' हे नाव मिळालं. १९६५मध्ये ते हाँगकाँगचं मानचिन्ह झालं आणि १९९७पासून तिथल्या लाल झेंड्यावर जे पांढरं फूल दिसतं ते याचंच. सुरुवातीला ही स्वतंत्र जात मानली जात होती. २००५मध्ये जनुकीय अभ्यासातून संकर असल्याचं पक्कं झालं.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे झाड वांझ आहे. शेंग धरत नाही, बी होत नाही. त्या एका झाडापासून गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून ती वेगळी करणं), छाट (फांदीचा तुकडा लावणं) किंवा डोळा भरून (दुसऱ्या रोपावर याचा डोळा बसवून कलम करून) जगभर वाढवलेली ही झाडं. त्यामुळे ऑनलाइन कुणी "हाँगकाँग ऑर्किड ट्रीचं बी" विकत असेल तर पाकिटात दुसराच कांचन आहे असं खुशाल समजा. बियांपासून वाढवलेलं झाड असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोडून थेट दुसऱ्या क्रमांकावर जा.

१. महिना कोणता आणि झाडाचं वय किती?

हसू नका. एप्रिल-मेमध्ये गुलमोहर पेटलेला दिसतो आणि लोक शेजारच्या या झाडाकडे बघून हळहळतात. याचा हंगाम हिवाळ्याचा. आपल्याकडे साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. ऐन बहर डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात आणि पावसात हे झाड फक्त पानं वाढवतं आणि ते बरोबरच आहे.

वयाचं म्हणाल तर गुटीचं किंवा डोळा भरलेलं चांगलं रोप जमिनीत नीट रुजल्यावर दोन-तीन हिवाळ्यांत फुलं दाखवतं. त्याआधी घाई करू नका. लावल्याच्या पहिल्याच वर्षी दोन-चार फुलं आली आणि पुढच्या वर्षी एकही आलं नाही, हेही होतं. नर्सरीत पिशवीत आवळलेलं रोप ताणाखाली फुलतं. मोकळी जमीन मिळाली की आधी अंग धरतं. अशा वेळी खर्च शून्य आणि औषधही शून्य: एक हिवाळा थांबायचं.

२. हे झाड तेच आहे ना?

माझ्या कामात नंबर एकचं कारण हेच निघतं. नर्सरीत बिनफुलाच्या महिन्यात तिन्ही कांचन रांगेत उभे असतात, तिन्हींचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं आणि पाटी एकच. गडबड तिथेच होते.

फूल आलेलं असेल तर एक तोडून हातात घ्या. पाच पाकळ्या, त्यातली वरची मधली जरा गडद आणि रेघांची. आता पाकळ्या बाजूला सारून पुंकेसर मोजा. पुढे झुकून वर वळलेले, टोकाला परागकोश असलेले पाच लांब केसर दिसले आणि पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, रंग गडद किरमिजी-जांभळा असेल तर झाड बरोबर आहे. मोठे केसर तीनच, पाकळ्या अरुंद आणि त्यांच्यामध्ये फट असेल तर तो देवकांचन. केसर पाच आहेत, पण फुलं फिकट गुलाबी किंवा पांढरी, आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ निष्पर्ण फांदीवर येतात? मग तो रक्तकांचन. हाँगकाँग कांचन फुलतो तेव्हा अंगावर भरपूर पानं असतात.

फूल नसेल तर जमिनीवर बघा. झाडाखाली वाळून पिळवटलेल्या शेंगांची टरफलं पडली असतील तर निकाल लागला. फूल गळल्यावर या झाडाच्या देठावर काही उरत नाही. देवकांचनाच्या देठावर मात्र हिरवी चपटी शेंग लांबत जाते.

फूलही नाही आणि शेंगही नाही, तर पान बघा. हाँगकाँग कांचनाचं पान जाड आणि मोठं, सहसा लांबीपेक्षा रुंदी जास्त, आणि मधली खाच पानाच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश भागापर्यंत जाते. देवकांचनाची खाच अधिक खोल, कधी निम्म्यापर्यंत. नुसत्या पानावरून मी स्वतः शपथ घेणार नाही, पण अंदाज येतो.

झाड चुकीचं निघालं तर? तर त्याचं काहीही बिघडलेलं नाही. देवकांचन दिवाळीच्या आधीपासून फुलतो, त्यावर सूर्यपक्षी येतात, झाड काटक असतं. ते काढून टाकण्याच्या मी सरळ विरोधात आहे. हवं तर नवं झाड दुसरीकडे लावा. आणि त्याला पोटॅश घालून तो हाँगकाँगचा होणार नाही, हेही समितीच्या बैठकीत एकदा सांगून टाका.

३. कलमाच्या खालून आलेले फुटवे

एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं, किंवा एका बाजूलाच शेंगा, हे लक्षण असेल तर दुसरं काही शोधू नका. डोळा भरलेल्या रोपात खाली खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम चढवतात ते मुळांसकटचं रोप, असतो तो साध्या देवकांचनाचा किंवा रक्तकांचनाचा. जोडाच्या खालून फुटलेली फांदी त्या खुंटाची. ती वेळेवर काढली नाही तर दोन-तीन वर्षांत वरच्या कलमाला मागे टाकते आणि मालकाला वाटतं, झाडाने रंग बदलला.

बुंध्याशी बसा. जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीत खोडाला गाठ, फुगवटा किंवा सालीच्या पोतात फरक दिसेल. तो जोड. त्याच्या खालून निघालेलं सगळं काढायचं. बोटाएवढा फुटवा पावसाळ्यात खालच्या बाजूला ओढून मुळापासून उपटला तर परत फुटत नाही. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, वरवर कापला तर एकाचे चार होतात. मनगटाएवढा झालेला असेल तर करवतीने खोडालगत कापा आणि जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. त्याहून जाड झालेला असेल तर काम तुमचं नाही, शेवटचा भाग वाचा.

कधीकधी जोडाच्या वरचं कलम मेलेलंच असतं आणि उभं आहे ते सगळं झाड खुंटाचं. मग पुन्हा तपासणी क्रमांक दोन.

गुटीच्या झाडाला हा प्रश्न येत नाही, कारण त्याला खुंटच नाही.

४. फांद्यांची टोकं कुणी तोडली?

ही तपासणी कुठल्याच पुस्तकी यादीत मिळणार नाही, कारण ती खास आपल्याकडची आहे.

या झाडाची फुलं फांदीच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात येतात. पावसाळ्यात वाढलेली कोवळी फांदी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पक्की होते आणि तिच्या शेंड्याला कळ्यांचा घोस धरतो. नेमका तेव्हाच दसरा येतो. सोनं लुटायला आपटा हवा, आपटा शहरात दिसत नाही, आणि सोसायटीच्या दारात दुभंगलेल्या पानांचं हे झाड आयतं उभं असतं. आदल्या संध्याकाळी वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळे येऊन हात लागेल तिथवरच्या डहाळ्या मोडून नेतात. बाजारात जुड्या विकणारेही सर्रास कांचन तोडतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाड खालून टक्कल पडल्यासारखं दिसतं, पंधरा दिवसांत नवी पानं येतात, सगळे विसरतात आणि जानेवारीत मला फोन येतो.

ओळखायचं कसं? उंच फांद्या फुललेल्या आणि माणसाच्या हाताच्या पल्ल्यात काही नाही, ही याची सही आहे. जवळ जाऊन खालच्या फांद्यांची टोकं बघा. सिकेटरचा काप स्वच्छ तिरका असतो. इथे मोडलेली, साल ओढून फाटलेली टोकं दिसतील आणि मोडल्या जागेखालून दोन-तीन बारीक नवे फुटवे निघालेले असतील. लहान झाडाचा सगळा घेरच हाताच्या पल्ल्यात असतो, त्यामुळे त्यावर एकही फूल येत नाही.

उपाय फुकट आहे पण अवघड आहे, कारण तो माणसांवर करायचा आहे. घटस्थापनेलाच झाडावर पाटी लावा: "हा आपटा नाही, कांचन आहे. कळ्या धरल्या आहेत." सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खऱ्या आपट्याच्या पानाचा फोटो टाका. आपट्याचं पान छोटं, दोन बोटांत मावेल एवढं, चामड्यासारखं जाड असतं आणि फूल पिवळसर पांढरं, बारीक. ज्या सोसायटीत जागा होती तिथे मी कुंपणाकडेला एक आपटा लावायला लावला. त्या झाडाने कांचनाचं जेवढं रक्षण केलं तेवढं कुठल्याही औषधाने केलं नसतं.

दुसरा चोर म्हणजे छाटणी. गणपतीला मांडव घालायचा म्हणून, दिवाळीच्या रोषणाईला आडवं येतं म्हणून किंवा नुसतंच "जरा शेप द्या हो माळीदादा" म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात डोकं मारलं की त्या हिवाळ्याची फुलं गेली. झाड मरत नाही, उलट जोमाने फुटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. दर वर्षी गोल चेंडूसारखी कापलेली झाडं तर वर्षानुवर्षं फुलत नाहीत.

छाटणीची वेळ एकच: बहर संपल्यावर, मार्चअखेर ते एप्रिल. तेव्हा वाळकं, एकमेकांवर घासणारं आणि खोडावरून सरळ आकाशाकडे सुटलेले पाणसोट काढा. तेही हलक्या हाताने. त्यानंतर जी नवी वाढ येईल तिच्यावर पुढची फुलं, म्हणून मान्सून सुरू झाल्यावर कात्री कपाटात ठेवायची.

५. ऊन

रोज सहा तास थेट ऊन हवं. लावताना ऊन होतं, पण मधल्या काळात शेजारी बारा मजले उभे राहिले किंवा बाजूचा रेनट्री पसरला, असं खूप ठिकाणी घडतं. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा इमारतीची सावली उत्तरेला लांबवर पडते. मे महिन्यात मोजलेलं ऊन हिवाळ्यात खरं ठरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी एक फोटो काढा. इमारत हलवता येत नाही, म्हणून यावर माझ्याकडे इलाज नाही. झाडाची सावली असेल तर ती विरळ करता येते, परवानगी घेऊन.

६. लॉनचं पाणी आणि युरिया

काळपट हिरवी, मोठाली पानं, लांबच लांब फांद्या आणि फूल शून्य. आजूबाजूला लॉन. हे चित्र दिसलं की माळ्याला विचारा, लॉनला काय घालता? उत्तर बहुतेक वेळा युरिया असतं आणि पाणी रोज. लॉनला दिलेलं झाडाची मुळंही खातात. नत्र आणि ओलावा अखंड मिळत राहिला तर झाडाला फुलायची गरजच वाटत नाही. मोठ्या सोसायट्यांत त्यात एसटीपीच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याची भर पडते. त्या पाण्यात नत्र असतंच, क्षारही असतात. पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसत असतील तर आधी या पाण्याकडे बघा.

पाऊस थांबल्यावर झाडाखालचा लॉन खोडापासून निदान चार-पाच फूट काढून टाका, तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन करा, युरिया त्या घेरात येऊ देऊ नका आणि ऑक्टोबरपासून झाडाचं पाणी कमी करा. मोठं झाड असेल तर भारी जमिनीत आठवड्याला एकदा पुरतं. पाणी कमी करायचं म्हणजे पूर्ण बंद करायचं नाही. कळ्या धरल्यावर माती खडखडीत वाळली तर कळ्या गळतात.

इथे एक समज खोडून काढतो. "हे शेंगवर्गातलं झाड, नत्र स्वतःच तयार करतं" असं मला कृषी पदवीधरांनीही ऐकवलं आहे. कुळ तेच खरं, पण कांचनाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. म्हणून अगदी उपाशीही ठेवू नका. जूनमध्ये आळ्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत पुरेसं आहे. बाकी गोण्या परत करा.

७. खोडावर काय चाललंय?

टॉर्च घ्या आणि दोन फांद्या जिथे फुटतात ते बेचकं बघा. तपकिरी, भुसा आणि विष्ठा रेशमी धाग्यात गुंफलेला नागमोडी पट्टा सालीवर चिकटलेला दिसला तर ती साल खाणारी अळी. पट्टा हाताने पुसला की खाली खरवडलेली साल आणि एक भोक दिसतं. अळी दिवसा भोकात असते, रात्री पट्ट्याच्या आडोशाने साल खाते. साल गेली की त्या फांदीची रसद कमी होते आणि फांदी टोकाकडून वाळायला लागते. दुर्लक्षित, जुन्या झाडांवर ही हमखास सापडते.

पट्टे ब्रशने साफ करा. भोकात जरा ताठ तार फिरवून अळी मारा, रॉकेलमध्ये बुडवून पिळलेला कापसाचा बोळा आत सारा आणि चिखलाने भोक लिंपा. आठवड्याने पुन्हा फेरी मारा. चिखलावर नवा भुसा दिसला तर आत अजून कुणी आहे. धूर करणं, पेटती काडी दाखवणं हे प्रकार करू नका. बागेत ते झालेले मी पाहिले आहेत.

पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यांवर येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि नंतर निंबोळी अर्काने भागतं.

८. माती

इथून पुढे हात मळणार आहेत.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोह मिळत नाहीये. बरेचदा लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे झाडाला उचलता येत नाही. बांधकामाचा राडारोडा भरून वर चार इंच लाल माती टाकलेल्या बागांत हे नेहमीचं. वीतभर खोलीवरची चिमूटभर कोरडी माती बशीत घ्या, त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फार उपयोग होत नाही, ते लगेच अडकून बसतं. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा; साधं ईडीटीए अशा विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत टिकत नाही. प्रमाण पाकिटावर असेल तेवढंच. आणि चुनखडीत लाकडाची राख घालू नका, ती चुन्याचीच धाकटी बहीण.

काळ्या जमिनीत प्रश्न उलटा असतो, पाणी तुंबतं. झाडाच्या घेराबाहेर दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभं असेल तर मुळं गुदमरत आहेत. उताराकडे चर काढून पाणी बाहेर घ्या.

माती परीक्षण करायचं असेल तर ते या टप्प्यावर, याआधी नाही. सामू (पीएच) आणि क्षारता एवढं बघितलं तरी पुरे.

९. बुंध्याशी उकरून बघणं

सगळं ठीक आहे तरी झाड वर्षानुवर्षं खुजंच, जरा वारा आला की डोलतं? मग दोष लावतानाचा असतो. प्लास्टिकची पिशवी तशीच खड्ड्यात, किंवा पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं न सोडवता हुंडी (मुळांसकट मातीचा गोळा) तशीच पुरलेली. ती मुळं खोडाभोवती फास आवळत जातात.

बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकेच दूर करा. खोड खाली रुंदावत जाऊन मुळं बाहेर फाकलेली दिसली पाहिजेत. खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल तर एक तर ते फार खोल लावलंय किंवा वर भर टाकलीय. ती माती काढून टाका. आडवं फास घालणारं मूळ बोटाएवढं असेल तर कापा, खोड मोकळं करा. त्याहून जाड असेल तर कापू नका, कारण झाड कदाचित त्याच मुळावर उभं असेल.

पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले असतील तर चारही बाजूंनी तीन फूट उखडून घ्या. या कामावर सोसायटीत भांडण होतं, त्याची तयारी ठेवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

या झाडाची मुळं फार खोल जात नाहीत आणि लाकूड ठिसूळ असतं. हाँगकाँगमध्ये टायफून आलं की हीच झाडं मोडतात. आपल्याकडे मेमधला वळीव तेच करतो. म्हणून पुढीलपैकी काहीही दिसलं तर फुलांचा विषय बाजूला ठेवा:

झाड कलतंय आणि दुसऱ्या बाजूच्या मातीला भेग पडली आहे. दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात फट आहे. बुंध्यावर आळंबी उगवली आहे, किंवा लाकडी ठोकळ्याने ठोकल्यावर खोड पोकळ वाजतं. साल मोठ्या पट्ट्यात सुटून डिंक वाहतोय. जी फांदी काढायची तिला शिडी लागते. फांदीजवळून विजेची तार जाते.

तारेजवळची फांदी असेल तर आधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा, मगच कुणी वर चढायचं. ओली फांदी वीज वाहते. "पाच मिनिटांचं काम आहे, मी काढतो" म्हणणाऱ्या गड्याला खाली उतरवा.

बाकी प्रकरणांत वृक्षतज्ज्ञ किंवा विमा उतरवलेला, दोर-हार्नेस वापरणारा ठेकेदार बोलवा. आणि कागदाचं विसरू नका. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी ते तोडायला, आणि मोठी छाटणी करायलाही, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे म्हणजे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. धोकादायक झाडाचा फोटो लावून अर्ज केला तर पाहणी लवकर होते.

नवं रोप घेणार असाल तर

पावसाळ्यात घेऊ नका, तेव्हा सगळे कांचन सारखे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत नर्सरीत जा आणि फुललेलंच रोप निवडा. तिथेच केसर मोजा. गुटीचं आहे का कलमी ते विचारा. कलमी असेल तर जोड दाखवायला सांगा आणि त्याखालचे फुटवे तिथेच काढून घ्या. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आलेली असतील तर ते रोप परत ठेवा.

ओळखीत खात्रीचं झाड असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. जून-जुलैमध्ये पेन्सिलएवढ्या फांदीवर गुटी बांधा, गुटीभोवतीचं मॉस (शेवाळ) ओलं ठेवा, मुळं पांढरी दाट दिसली की कापून पिशवीत लावा आणि सावलीत वाढवा. जमिनीत पुढच्या जूनला. जागा अशी बघा की कुठल्याही भिंतीपासून पंधरा फूट तरी मोकळी असेल आणि दसऱ्याला कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसेल.